दारावरची गादी

मी एक गादी. बोलतेय खरी, पण बोलणं हा माझा धर्म नाही. माझा धर्म गिळण्याचा. अंगावर पडलेलं ओझं गिळायचं, कूस बदलताना सुटलेला उसासा गिळायचा, दाबून ठेवलेले हुंदके गिळायचे, आणि सकाळी कुणी चादर झटकली की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पसरून राहायचं. उशीचं तसं नसतं. उशी ओली होते, डाग दाखवते, चुगली करते. गादी चुगली करत नाही. या गुणाचा मला फार अभिमान होता. आता तोच गुण माझ्या छातीवर येऊन बसलाय.

गादीने आडवं पडावं, ही जगाची रीत. मी मात्र एका दाराबाहेर दांडीला उभी टांगलेली आहे. माझ्या खोळीत, माणूस स्टुलावर बसला की त्याच्या कानाशी येईल एवढ्या उंचीवर, टाचण्या टोचलेल्या आहेत. त्या काढायची कुणाला परवानगी नाही. का नाही, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या लग्नासाठी झाला. आम्ही दोघी जुळ्या. पिंजाऱ्याने एकाच ढिगातला कापूस दोघींत भरला आणि जाड दोऱ्याने टाके घातले. एक नवऱ्याची, एक बायकोची. मी बायकोच्या वाट्याला आले. ती अंगाने हलकी होती, तिचा भार कधी जाणवला नाही. पुढे त्यांना मुलगी झाली आणि ती माझ्यावर उड्या मारत वाढली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून आईने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

भिंगरी शाळेत असतानाच तिची आई आजारपणात गेली. शिंप्याने मला गुंडाळलं, दोरीने आवळलं आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर टाकलं. ‘देऊन टाका कुणाला तरी’ असं सांगणारे पुष्कळ आले. तो सगळ्यांना ‘हं’ म्हणाला आणि मी कपाटावरच राहिले.

हे ‘हं’ काय प्रकरण आहे ते आधी सांगते. शिंपी शिवायला बसला की त्याच्या ओठांत टाचण्या असत. कापड जुळवायचं, ओठांतून एक टाचणी घ्यायची, टोचायची. टाचण्या तोंडात असेपर्यंत कुणी काही विचारलं, तर उत्तर एकच: हं. बोलायचंच असलं तर तो सगळ्या टाचण्या काढायचा, समोर जे कापड असेल त्यात एका ओळीत टोचायचा आणि मग बोलायचा. त्यामुळे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शिंप्याने टाचण्या काढल्या, म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं आहे.

कपाटावरून मला सगळं दिसायचं. समोर शिवणाचं मशीन, त्यामागे चिंध्यांची छोटी खोली. भिंगरी कॉलेज शिकली, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या नोकरीला लागली. दिवसभर इतरांचं ऐकायचं आणि घरी आली की स्वतःची गाणी रचायची. एके दिवशी ती कमरेवर हात ठेवून मशीनसमोर उभी राहिली.

“बाबा, चिंध्यांची खोली मला हवी.”

“हं?”

“टाचण्या काढा आधी. गाणी रेकॉर्ड करायला हवी.”

शिंप्याने टाचण्या काढल्या. “त्यासाठी बाहेर स्टुडिओ असतात ना?”

“असतात. पण तिथे घड्याळाकडे बघत गावं लागतं. मला घड्याळाकडे पाठ करून गायचंय.”

मामा चहाला टपकला होताच. मामा म्हणजे भिंगरीच्या आईचा भाऊ, निवृत्त कारकून. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला उंटसुद्धा लागत नाही. म्हणाला, “हौसेपुरतं ठीक आहे गं, पण नोकरी सोडू नकोस. गळ्याचं काय, आज आहे, उद्या नाही.”

“मामा,” भिंगरी म्हणाली, “तुमच्या सल्ल्यांचंही तसंच असतं तर किती बरं झालं असतं.”

शिंपी ‘हं’ म्हणाला. पण त्याच्या ओठांत तेव्हा एकही टाचणी नव्हती. हसू दाबलं होतं.

खोली रिकामी झाली. भिंगरीच्या मैत्रीतला एक गिटारवाला मदतीला आला. त्याने पहिल्याच दिवशी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी थांबली तरी भिंती टण्ण करत राहिल्या.

“ऐकलंत? खोली उलटून बोलते. हिला गप्प करायचं. भिंती, कोपरे, छत, सगळीकडे आवाज पिणारं काहीतरी लावायचं. टाळी कोरडी पडली की समजायचं झालं काम.”

शिंप्याला खेळणंच मिळालं. त्या दिवसापासून तो टाळ्या वाजवत हिंडू लागला. कोपऱ्यात टाळी, खिडकीशी टाळी, मोरीतसुद्धा टाळी. “मोरी फारच बोलते गं,” असं येऊन सांगायचा. शेजारच्या बाईंनी विचारलं, भजनबिजन सुरू केलंत की काय.

भिंगरीने भिंतींना स्पंजाच्या चौकोनी लाद्या चिकटवल्या. खिडकीला आतून दुसरी काच बसवली. दाराखालच्या फटीसाठी शिंप्याने चिंध्या भरून लांबलचक सुरळी शिवली. माइकसमोर धरायला गोल चौकटीवर पातळ कापड ताणून दिलं, कारण ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा फटका बसतो आणि माइक तो फटका जसाच्या तसा नोंदवतो. इथपर्यंत उत्तम. पण वडीलधाऱ्यांना मदत करायला सांगा, ते मदत करून थांबत नाहीत. त्याने स्पंज झाकायला निळ्या सॅटिनचा झुळझुळीत पडदा शिवला, वर चुण्यांची झालर.

“बाबा, हे काय?”

“स्टुडिओ आहे ना? बरं दिसायला नको?”

“आवाज डोळ्यांनी बघत नाहीत. हे काढा.”

त्याने निमूटपणे काढला. दोन्ही बाजूंनी त्या पडद्याचा विषय पुन्हा निघाला नाही, पण तो घडी घालून मशीनच्या खणात ठेवलेला मी बघत होते.

दाराबाहेर लाल दिवा लागला. दिवा पेटला की मशीन बंद, पंखा बंद, नळ बंद. शिंप्याला हे मान्य होतं. मशीन बंद पडलं की गिऱ्हाइकाचं काम अडायचं, पण तो कुरकुरला नाही. उलट दिवा लागायच्या आधीच पाय मशीनच्या पेडलवरून उचलायचा आणि विचारायचा, “मी आत बसू?”

इथे खरी गंमत सुरू झाली. गंमतच म्हणू, तेव्हा ती गंमतच होती.

भिंगरीच्या एका गाण्याची शेवटची ओळ लांब होती. सूर उंचावर जायचा आणि तिथून हळूहळू विरत खाली यायचा, दिव्यातलं तेल संपावं तसा. नेमका तो अर्ध्यावर विरला असताना शिंपी म्हणायचा, “वा.”

“बाबा!”

“काय झालं?”

“सूर विझू द्या हो. पूर्ण विझू द्या. मग काय म्हणायचं ते म्हणा.”

“विझल्यावर म्हणून काय उपयोग? चहा निवल्यावर ‘छान झालाय’ म्हणतात का?”

“माइकला सगळं ऐकू येतं. तुमचं ‘वा’ गाण्यात कायमचं बसतं.”

“बसू दे की. तेवढंच माझं नाव गाण्यात.”

ते त्याला जमलंच नाही. मी त्याची बाजू घेणार नाही. त्याचं चुकतच होतं. आपल्याला आवडलं हे त्याच क्षणी जाहीर केल्याशिवाय जुन्या माणसांच्या पोटात अन्न ठरत नाही. समोर माणूस काम करतोय आणि त्याला निःशब्द जागा हवी आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. भिंगरी संगणकावर बसून एकेक ‘वा’ कापत बसायची. सुराच्या टोकाला चिकटलेलं ‘वा’ कापताना सूरही कापला जायचा, आणि मग सगळं पुन्हा.

शेवटी उपाय तिनेच काढला. “आत बसायचं तर टाचण्या तोंडात धरून बसा.”

लोक मूग गिळून गप्प बसतात, हा टाचण्या धरून बसला. एका सुट्टीच्या दिवशी सगळं जुळून आलं. भिंगरी अशी गायली की गिटारवाल्याची बोटं क्षणभर तारांवरच राहिली. सूर विरू लागला. शिंप्याने ओठ घट्ट मिटले होते, पण डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ आपसूक सुटले. टाचण्या फरशीवर सांडल्या. टिणटिणटिण.

भिंगरीने कानांवरचे हेडफोन काढून आपटले. “बाबा, बाहेर. बास झालं. यापुढे आत यायचं नाही.”

“अगं, मुद्दाम नाही...”

“मुद्दाम कधीच नसतं तुमचं. बाहेर बसा.”

तो बाहेर बसला. दाराला पाठ लावून, स्टुलावर. दार हलक्या लाकडाचं. सूर विरला आणि बाहेरून, दाराच्या फळीतून, दबकं ‘वा’ आत गेलं. माइकने तेही घेतलं.

त्या दिवशी भिंगरी हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “आता एकच. दारावर गादी टांगायची.”

दोघांनीही कपाटाकडे पाहिलं. मग शिंप्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि मला उतरवलं. दोरी सोडली. माझ्या अंगावर हात फिरवत म्हणाला, “हिची खोळ बदलायला हवी.” नवी खोळ त्याने शिवली. वरच्या कडेला जाड कापडाच्या कड्या शिवल्या, दुहेरी टाक्यांनी. कडेला मखमली गोट लावला. भिंगरीने गोट बघितला आणि या वेळी काही म्हणाली नाही.

दाराच्या चौकटीवर दांडी ठोकली आणि मी बाहेरच्या बाजूने उभी राहिले. स्वतःचीच दाद अडवायला त्या माणसाने स्वतःच्या हातांनी मला शिवलं. आणि मी अडवली. बाहेर त्याने टाळी वाजवून पाहिली. आतून भिंगरी ओरडली असेल काहीतरी, ते त्यालाही ऐकू आलं नाही.

आता आमचा नवा रिवाज सुरू झाला. तो फक्त मला आणि त्याला ठाऊक होता.

लाल दिवा पेटायचा. मशीन थांबायचं. शिंपी स्टूल ओढून बसायचा आणि कान माझ्यात रुतवायचा. दाट कापसातून, फळीतून गाणं अगदी पुसट यायचं, दुसऱ्या गावात कुणी गात असल्यासारखं. तो डोळे मिटून ऐकायचा. शेवटची ओळ यायची, सूर विझायचा. पूर्ण विझायचा. मग तो ओठांतली एकेक टाचणी काढायचा आणि माझ्या खोळीत टोचायचा, एका ओळीत, नखाने अंतर घेऊन. शिंप्याचा हात तो, वाकडं टोचणार नाही. आणि माझ्या अंगावर तोंड ठेवून, आता कुणाचंच काही बिघडत नाही म्हणून अगदी मोकळेपणाने म्हणायचा, “वा.” कधी “वा गं माझी बाय.” मग टाचण्या काढून पुन्हा ओठांत, आणि मशीनकडे.

मी ते सगळं प्यायले. भिंगरीच्या आईचे हुंदके जिथे आहेत, तिथेच त्याचे ते ‘वा’ आहेत, कापसात खोल.

एका दुपारी भिंगरीने तेच लांब ओळीचं गाणं शेवटचं म्हणून घ्यायचं ठरवलं. गिटारची साथ आधीच नोंदवून ठेवली होती, त्यामुळे आत ती एकटी. आत जाताना म्हणाली, “बाबा, आज झालं तर सगळी गाणी पूर्ण. मग तुम्हाला पहिल्यांदा ऐकवते, हेडफोन लावून, नीट.”

“हं,” शिंपी म्हणाला.

दिवा पेटला. तो स्टुलावर येऊन बसला. त्याचा श्वास नेहमीपेक्षा जड होता आणि माझ्यावरचा भारही जरा जास्त. गाणं सुरू झालं. त्याने कान लावला. शेवटची ओळ आली आणि मी एवढ्या वर्षांत तशी ओळ ऐकली नव्हती. सूर विझला. त्याने टाचण्या काढल्या, एकेक टोचल्या. “वा,” म्हणाला. मग त्याचं डोकं माझ्यावर टेकलं.

मी वाट बघत होते, तो टाचण्या परत घेईल म्हणून.

आत भिंगरी घेतलेलं गाणं ऐकत होती. एकदा ऐकून तिचा विश्वास बसला नसेल, म्हणून पुन्हा. तिने लाल दिवा बंद केला आणि दार उघडलं. दार आतल्या बाजूला उघडतं. माझ्या पाठीचा आधार गेला, मी आत झुकले आणि माझ्यासोबत तोही. तिच्या पायांपाशी.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी तपासलं आणि भिंगरीचा हात धरला. “हृदय थांबलं गं. बसल्या जागीच. त्यांना कळलंही नसेल.”

भिंगरी माझ्याकडे बघत होती. “मग टाचण्या का काढल्या?”

“काय?”

“टाचण्या काढल्या म्हणजे बोलायचं होतं. त्यांनी मला हाक मारली असणार. मी आत होते, कानांवर हेडफोन लावून, माझंच गाणं ऐकत.”

डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक. ठाऊक फक्त मला होतं, आणि मी गादी.

भेटायला येणारे येऊन गेल्यावर तिने गिटारवाल्याला बोलावलं. म्हणाली, “आत बस. हेडफोन लाव. मी बाहेरून हाक मारते, ऐकू आली की सांग.” दार लागलं. ती त्या स्टुलावर बसली, तोंड माझ्याजवळ आणलं आणि बापाच्या आवाजाच्या बेताने म्हणाली, “भिंगरी.” मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. शेवटी ती अशी ओरडली की गळा फाटला, गाणाऱ्या त्या गळ्याची मला काळजी वाटली. रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मग ती थांबली.

थोड्या वेळाने गिटारवाल्याने दार किलकिलं करून मान बाहेर काढली. “कधी सुरू करतेयस?”

“झालं माझं,” भिंगरी म्हणाली.

नंतर ती संगणकावर बसली, जुन्या नोंदी उघडून. तिला एक ‘वा’ हवं होतं, एकच, सुराला चिकटलेलं, अर्धवट, कसलंही. मिळालं नाही. तिने काम चोख केलं होतं, एकेक कापून फेकलं होतं. शेवटच्या दुपारच्या नोंदीचा आवाज तिने होता नव्हता तेवढा वाढवला. सूर विझल्यावर तिचा स्वतःचा श्वास आला आणि त्यापुढे काही नाही. मीही काम चोख केलं होतं.

एक नोंद मात्र राहून गेली होती. फरशीवर टाचण्या पडल्याची. टिणटिणटिण, आणि मग तिचंच ओरडणं, “बाबा, बाहेर.” ती तेवढंच लावते. लावते, बंद करते, पुन्हा लावते. मी दाराबाहेर टांगलेली, दार उघडं. सगळं ऐकू येतं मला.

त्यानंतर ती गायलेली नाही. भांडी घासतानासुद्धा नाही. लाल दिवा काढून टाकला. माइक खोक्यात घालून विकायला काढलाय, उद्या कुणीतरी बघायला येणार आहे. मामा येऊन गेला. म्हणाला, “ती गादी तरी काढ गं. निदान टाचण्या. कुणाला टोचतील.”

“टोचू देत,” भिंगरी म्हणाली.

मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला गप्प बसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

भिंगरी, तुला माझं ऐकू येणार नाही हे मला कळतं. ऐकू येऊ नये म्हणूनच तर मी इथे आहे. पण उद्या तो माणूस माइक न्यायला येईल, त्याच्या आधी एकदा या स्टुलावर बस. माझ्याकडे बघ, अपराध्यासारखी नको, शिंप्याच्या मुलीसारखी बघ. जीव घाबरा झालेला माणूस टाचण्या थुंकतो. तो एकेक काढून, नखाने अंतर घेऊन टोचत बसत नाही. आणि त्या टाचण्यांच्या खाली, वर, जरा बोट फिरव. खोळीला बारीक भोकं लागतील. ओळीच्या ओळी आहेत. तू जितक्या वेळा शेवटचा सूर विझेपर्यंत गायलीस, तितक्या. त्यातली एकही हाक नव्हती गं.

तो शेवटपर्यंत थांबला होता, तू सांगितलं होतंस तसा, सूर पूर्ण विझेपर्यंत. ही शेवटची ओळ बघ. बोट लावून बघ. किती सरळ आहे.